आधी जागा, मग नाव : हाडे, सांधे आणि त्वचेच्या विकारांचा परीक्षेसाठी अभ्यास

एमबीबीएसच्या शेवटच्या टप्प्यात हाडांचे विकार सर्जरीच्या पेपरला जोडलेले असतात, त्वचेचे विकार मेडिसिनच्या पेपरला, आणि सांध्यांचे विकार थोडे इकडे, थोडे तिकडे असे विखुरलेले असतात. स्वतंत्र पेपर नसल्यामुळे बहुतेक विद्यार्थी हे विषय शेवटच्या आठ-दहा दिवसांवर ढकलतात आणि मग कॉडमनचा त्रिकोण, ऑस्पिट्झचे चिन्ह, हेबरडेनच्या गाठी अशी नावे जागरणे करून घोकत बसतात. घोकलेली नावे पेपर हातात येईपर्यंत एकमेकांत मिसळतात. नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत तर अनेकदा केवळ छायाचित्र किंवा क्ष-किरण चित्र समोर येते, तिथे नाव पाठ असून भागत नाही.

या तिन्ही विषयांचा अभ्यास एकाच प्रश्नापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. तो प्रश्न म्हणजे ‘कुठे?’. हाडाची गाठ असेल तर लांब हाडाच्या कोणत्या भागात, सांधेदुखी असेल तर नेमक्या कोणत्या सांध्यात, अंगावर फोड असतील तर त्वचेच्या कोणत्या थरात, हे ठरले की वीस शक्यतांपैकी तीन-चारच उरतात, आणि त्यांतून निवड करायला रुग्णाचे वय, आजाराचा कालावधी व एखाद-दुसरी तपासणी पुरते. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असल्यापासून कनिष्ठ विद्यार्थ्यांना याच क्रमाने शिकवत आलो आहे, आणि हा क्रम मला स्वतःला एका चुकीतून उमगला.

हाडे : एका चित्रापासून सुरुवात

कोऱ्या कागदावर एका लांब हाडाची बाह्यरेषा काढावी आणि तिचे टोकाकडून मध्याकडे एपिफिसिस (टोक), वाढीची चकती, मेटाफिसिस (टोकाजवळचा रुंद भाग) आणि डायफिसिस (मधला दांडा) असे भाग पाडावेत. मग प्रत्येक भागात तिथे होणाऱ्या गाठींची नावे भरावीत. एपिफिसिसमध्ये वाढीची चकती बंद होण्याआधी काँड्रोब्लास्टोमा आणि ती बंद झाल्यावर, साधारण 20 ते 40 या वयात, जायंट सेल ट्यूमर लिहावा. मेटाफिसिसमध्ये ऑस्टिओसार्कोमा आणि ऑस्टिओकाँड्रोमा लिहावेत, डायफिसिसमध्ये यूइंग सार्कोमा. प्रत्येक नावापुढे वय लिहावे, आणि क्ष-किरणातील खूण सर्वांत शेवटी. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे, कारण सूर्यकिरणांसारखी रचना, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर, साबणाच्या बुडबुड्यांसारखी पोकळी ही वर्णने लक्षात राहायला सोपी असली, तरी त्यांतले एकही वर्णन एकाच रोगाच्या मालकीचे नाही.

माझ्या अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एक क्ष-किरण चित्र प्रकाशपेटीवर लावले. दहा वर्षांच्या मुलाची मांडी होती, आणि फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, बाजूने पेरिऑस्टियमचे, म्हणजे हाडावरील आवरणाचे, एकावर एक थर स्पष्ट दिसत होते. मी क्षणाचाही विचार न करता यूइंग सार्कोमा असे उत्तर दिले. परीक्षकांनी शांतपणे विचारले, ‘थर हाडाच्या कोणत्या भागात आहेत? मुलाला ताप कधीपासून आहे?’ थर गुडघ्याजवळ, मेटाफिसिसपाशी सर्वांत दाट होते, आणि चित्रासोबतच्या चिठ्ठीवर तीन आठवड्यांच्या तापाची नोंद होती, जी मी वाचलीच नव्हती. ते हाडाच्या जंतुसंसर्गाचे, म्हणजे ऑस्टिओमायलायटिसचे चित्र होते. पुढचा प्रश्न अधिक कठीण होता, कारण यूइंग सार्कोमातही ताप येतो आणि ईएसआर हा रक्तातील दाहदर्शक आकडा वाढतो. म्हणून अशा चित्रावर दोन्ही शक्यता सांगाव्यात आणि ऊतीचा तुकडा बायोप्सी व कल्चर (जंतू वाढवून पाहणे) अशा दोन्ही तपासण्यांसाठी पाठवावा, असे उत्तर अपेक्षित होते. ते मला त्या दिवशी देता आले नाही. त्यानंतर मी कोणत्याही चित्राकडे पाहताना आधी जागा मोठ्याने उच्चारायची सवय लावून घेतली.

त्याच आकृतीवर ‘असे का?’ हा प्रश्नही लिहून ठेवावा. रक्तावाटे आलेले जंतू मुलांच्या मेटाफिसिसमध्येच का रुजतात, याचे उत्तर तेथील केसपिनेसारख्या वळलेल्या केशवाहिन्यांत आणि त्यांतील संथ रक्तप्रवाहात आहे. हे एकदा समजले की लहान मुलाच्या गुडघ्याजवळ तीव्र वेदना आणि ताप असताना पहिल्या आठवड्यातील क्ष-किरण चित्र निर्दोष आले, तरी रोग नाकारता येत नाही, हेही लक्षात राहते. जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये मात्र साल्मोनेलाचा विचार करावाच लागतो. विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबारमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न पुस्तकापेक्षा वॉर्डात अधिक वेळा भेटेल.

चयापचयाशी संबंधित हाडांच्या विकारांसाठी कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांचा तक्ता सर्वजण पाठ करतात आणि सर्वजण विसरतात. तो पाठ न करता प्रत्येक वेळी नव्याने रचावा. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचा दर्जा तोच राहून प्रमाण घटते, म्हणून रक्तातील चारही आकडे सामान्य राहतात आणि निदान हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतील उणे 2.5 किंवा त्याहून कमी टी-स्कोअरवर होते. ऑस्टिओमलेशियात ड जीवनसत्त्वाअभावी खनिज हाडात बसतच नाही, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी जोर लावते, फॉस्फेट मूत्रावाटे निघून जाते आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढते. पॅजेटच्या विकारात हाडाची मोडतोड आणि बांधणी दोन्ही वेगाने चालतात, पण शरीरातील खनिजाचा हिशोब बिघडत नाही, म्हणून फक्त अल्कलाइन फॉस्फटेज वर जाते. मूत्रपिंड निकामी झाल्यास फॉस्फेट साठते आणि कॅल्शियम उतरते. हा तर्क स्वतःच्या शब्दांत एकदा मांडता आला की तक्ता विसरण्याची भीती राहत नाही.

अस्थिभंगांचा, म्हणजे हाड कुठे मोडल्यास कोणती नर्व्ह (मज्जातंतू) दुखावते याचा, अभ्यास स्वतःच्या हातावर करावा. खांद्याखाली ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मानेपाशी बोट ठेवून अ‍ॅक्झिलरी नर्व्ह म्हणावे, दंडाच्या मागील बाजूस रेडिअल, आणि कोपराच्या आतील उंचवट्यामागे अल्नर. शेवटच्या जागी टिचकी मारल्यास करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, आणि तो मार्ग पुन्हा वाचावा लागत नाही. मुलांच्या कोपराजवळील सुप्राकाँडायलर अस्थिभंगावर मात्र थोडे अधिक थांबावे. आपल्याकडे मूल पडले की कित्येकदा आधी हाडवैद्याकडे नेले जाते, तिथे हात बांबूच्या पट्ट्यांत घट्ट बांधला जातो आणि दुसऱ्या दिवशी रडणारे मूल अपघात विभागात येते. अशा मुलाची बोटे हळुवारपणे सरळ करू लागल्यास ते कळवळले, तर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणे) समजून आधी सर्व बंधने सोडावीत. मनगटावर नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहणे ही या प्रश्नातील सर्वांत मोठी चूक आहे, परीक्षेतही आणि प्रत्यक्षातही, कारण नाडी शेवटपर्यंत लागू शकते.

सांधे : हाताचा पंजा आणि घड्याळ

दुसऱ्या कागदावर आपलाच पंजा ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी आणि त्यावर सांध्यांची वर्तुळे काढावीत. बोटांच्या टोकाचे आणि मधले सांधे तसेच अंगठ्याचे मूळ ऑस्टिओआर्थ्रायटिसकडे, म्हणजे झिजेच्या संधिवाताकडे, जाते. मनगट, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि मधले सांधे दाहाच्या संधिवाताकडे, म्हणजे र्‍हुमॅटॉइडकडे जातात, आणि टोकाचे सांधे र्‍हुमॅटॉइड सहसा सोडून देतो. टोकाचे सांधे सुजले असतील आणि त्याच बोटाच्या नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर सोरायसिसच्या संधिवाताचा विचार करावा. रुग्णाच्या डोक्याची केसांखालची त्वचा, कानांमागची जागा आणि बेंबी तपासल्याशिवाय ‘त्वचेवर काही नाही’ असे कधीही लिहू नये, कारण सोरायसिसचा एखादा चट्टा नेमका तिथे लपलेला असतो.

जागेनंतर वेळ विचारावी. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत ओसरत असेल तर झिजेकडे कल जातो, तासाहून अधिक टिकत असेल तर दाहाकडे. तरुण रुग्णाची कंबरदुखी विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या दाहजन्य संधिवातासाठी कंबरेच्या तळाशी असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्याची तपासणी करावी. इथे भाषेचा एक मुद्दा सांगणे आवश्यक वाटते. आपले रुग्ण कोणत्याही सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतात आणि कोणत्याही पाठदुखीला ‘मणक्यात गॅप पडलाय’ असे म्हणतात. हे शब्द निदान म्हणून लिहून घेऊ नयेत. ‘सकाळी उठल्यावर मूठ वळते का? वळायला किती वेळ लागतो?’ असा प्रश्न विचारल्यास जे उत्तर मिळते, ते केस मांडताना पुस्तकी शब्दांपेक्षा अधिक वजनदार ठरते.

एकच सांधा अचानक लाल होऊन सुजला असेल, तर परीक्षेतील पहिले उत्तर ‘सांध्यातील द्रव काढून तपासावा’ हे आहे. पांढऱ्या पेशींची संख्या दर घन मिलिमीटरमागे 2,000 पर्यंत असल्यास दाहाविना विकार, 2,000 ते 50,000 या टप्प्यात दाहजन्य विकार, आणि 50,000 च्या वर गेल्यास सिद्ध होईपर्यंत जंतुसंसर्ग, अशी ढोबळ विभागणी लक्षात ठेवावी. गाऊटचे स्फटिक सुईसारखे असून ध्रुवित प्रकाशात कॉम्पेन्सेटरच्या मंद अक्षाला समांतर असताना पिवळे दिसतात, तर स्यूडोगाऊटचे चौकटीच्या आकाराचे स्फटिक त्याच स्थितीत निळे दिसतात. गाऊटच्या झटक्यात रक्तातील यूरिक अ‍ॅसिड सामान्य असू शकते, आणि ते कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल आधीपासून चालू असेल तर ते झटक्यात बंद करू नये, हे दोन मुद्दे वारंवार विचारले जातात.

त्वचा : आधी वर्णन, मग थर

त्वचाविकारांत विद्यार्थी छायाचित्र पाहताच नाव घेण्याची घाई करतात. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस कोणत्याही चित्राचे नाव घ्यायचेच नाही, फक्त वर्णन लिहायचे, असा नियम करावा. डाग सपाट की उंच, कडा स्पष्ट की अस्पष्ट, खवले कोरडे की तेलकट, मांडणी कशी आणि शरीराच्या कोणत्या भागावर, एवढे चार ओळींत लिहावे. मॅक्यूल (सपाट डाग) आणि पॅप्यूल (उंच पुळी) यांची आकारमर्यादा काही पुस्तकांत अर्धा सेंटिमीटर तर काहींत एक सेंटिमीटर दिलेली आढळते. कोणतेही एक प्रमाण निवडून त्यालाच चिकटून राहावे आणि यावर वेळ दवडू नये.

वर्णनानंतर थर. फोडांच्या विकारांत हे विशेष फलदायी ठरते. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये पेशींना जोडणाऱ्या डेस्मोग्लीन 3 या प्रथिनावर हल्ला होतो, पेशी एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या, आतच तळथराच्या किंचित वर सुटतात, म्हणून फोडाचे छत पातळ असते, फोड लिबलिबीत असतो आणि तोंडात तो फुटलेल्या जखमेच्या रूपातच दिसतो. बुलस पेम्फिगॉइडमध्ये संपूर्ण एपिडर्मिसच खालच्या आधारापासून सुटते, म्हणून छत जाड असते आणि वृद्ध रुग्णाच्या अंगावर ताणलेले, टणक फोड दिसतात. निकोल्स्की चिन्ह (चोळल्यावर वरची त्वचा सुटणे) पहिल्यात मिळते आणि दुसऱ्यात सहसा मिळत नाही, तेही याच कारणाने. आणखी वर गेल्यास डेस्मोग्लीन 1 भेटते. पेम्फिगस फोलिएशियसमध्ये त्यावर प्रतिपिंडे हल्ला करतात, आणि बुलस इम्पेटिगोत स्टॅफिलोकॉकसचे विष तेच प्रथिन कापते. दोन अगदी वेगळ्या प्रकरणांतले रोग अशा रीतीने एका थरावर येऊन भेटतात तेव्हा अभ्यासाचा आनंद वाटतो.

एका उणिवेबद्दल सावध करणे मला कर्तव्य वाटते. आपण वापरत असलेल्या बऱ्याच पुस्तकांतील छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात, आणि त्यांत ‘लाल’ म्हणून शिकलेली गोष्ट आपल्या रुग्णांच्या सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते. सोरायसिसचा चट्टा जांभळट दिसू शकतो आणि लायकेन प्लॅनस काळपट. म्हणून त्वचारोग विभागाच्या ओपीडीत किमान दोन आठवडे नियमित बसावे. तिथे रुग्णांच्या तोंडून गजकर्ण, शिबे, खरूज, कोड, नागीण, अंगावर गांधी उठणे हे शब्द ऐकू येतील, आणि प्रत्येक शब्दामागचा आजार स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. गजकर्णावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावून आलेले रुग्णही तिथेच दिसतात. त्यांच्या चट्ट्यांना पुस्तकातली गोल, उठावदार कडा उरलेली नसते, आणि खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुरशी शोधल्याशिवाय निदान होत नाही.

कुष्ठरोग : तिन्ही विषयांची भेट

वेळ कमी असेल आणि एकच रोग खोलात शिकायचा असेल, तर मी कुष्ठरोग निवडेन. तो त्वचेवर दिसतो, मज्जातंतूंत राहतो आणि उपचार न झाल्यास हाडे व सांधे झिजवतो, त्यामुळे एकाच रुग्णावर तिन्ही विषयांची परीक्षा घेता येते. गेरहार्ड आर्मॉअर हान्सेन यांनी 1873 मध्ये त्याचा जंतू शोधला. भारताने 2005 च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर दर 10,000 लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. याचा अर्थ रोग संपला असा नव्हे, आणि निर्मूलन (रुग्णसंख्या ठरलेल्या मर्यादेखाली आणणे) व उच्चाटन (रोग पूर्ण नाहीसा करणे) यांतला हा भेद परीक्षक आवर्जून विचारतात.

तपासणी अशी करावी. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून कापसाची वळलेली वात निरोगी त्वचेवर टेकवून दाखवावी, मग डोळे मिटायला सांगून ‘जिथे स्पर्श कळेल तिथे बोट ठेवा’ असे म्हणावे. वात टेकवायची, ओढायची नाही. चट्ट्याबाहेर बोट अचूक पडते आणि चट्ट्यावर रुग्ण तसाच वाट पाहत राहतो, तो क्षण एकदा पाहिलेला विद्यार्थी या रोगाचे निदान कधी चुकवत नाही. तापमानाची संवेदना आधी जाते, म्हणून गरम आणि थंड पाण्याच्या नळ्याही वापराव्यात. अल्नर नर्व्ह तपासताना रुग्णाचे कोपर किंचित वाकवून आतील उंचवट्यामागे बोटांनी ती हलकेच चाचपावी, दोन्ही बाजूंची तुलना करावी, आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी, कारण नर्व्ह दुखत असल्यास ते चेहऱ्यावर आधी उमटते.

लेखी उत्तरासाठी रिडली आणि जॉपलिंग यांचे 1966 चे वर्गीकरण एका आडव्या रेषेवर मांडावे. एका टोकाला ट्यूबरक्युलॉइड, जिथे प्रतिकारशक्ती प्रबळ, चट्टे थोडे, कडा स्पष्ट आणि बधिरता लवकर येते. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस, जिथे प्रतिकारशक्ती दुबळी, जंतू असंख्य आणि घाव दोन्ही बाजूंना सारखे असतात. मधल्या अस्थिर पट्ट्यात पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया (रोगात अचानक उठणारा दाह) आणि लेप्रोमॅटस टोकाकडे दुसऱ्या प्रकारची, हेही त्याच रेषेवर दाखवावे. प्रतिक्रिया आली तरी मूळ बहुऔषधोपचार थांबवायचा नसतो, हे वाक्य उत्तरात असलेच पाहिजे. जुन्या पुस्तकांत पाच चट्ट्यांपर्यंतच्या रुग्णांसाठी दोनच औषधे दिलेली आढळतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच चट्ट्यांपर्यंतच्या आणि त्याहून अधिक चट्ट्यांच्या अशा दोन्ही गटांना रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधे द्यायची असून कालावधी अनुक्रमे सहा आणि बारा महिने आहे.

औषधेही विषयांच्या सीमा ओलांडतात, म्हणून त्यांचे एकच पान करावे. मेथोट्रेक्सेट र्‍हुमॅटॉइडमध्येही चालते आणि सोरायसिसमध्येही, आणि दोन्हीकडे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्यास जिवावर बेतते, म्हणून उत्तरपत्रिकेत ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द अधोरेखित करावेत. डॅप्सोनपूर्वी जी6पीडी हे तांबड्या पेशींतील विकर तपासावे. सोरायसिसमध्ये तोंडावाटे दिलेले स्टेरॉइड थांबवल्यावर रोग पूयुक्त स्वरूपात उसळू शकतो, आणि तेच स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

रोजची बैठक कशी असावी

नव्वद मिनिटांची बैठक पुरेशी आहे, मात्र तिची सुरुवात वाचनाने करू नये. पहिली पंधरा मिनिटे आदल्या दिवशीचे हाड, पंजा किंवा त्वचेचे थर कोऱ्या कागदावर आठवणीतून काढावेत आणि जे आठवले नाही ते लाल शाईने भरावे. मग नवा भाग वाचावा. शेवटच्या अर्ध्या तासात त्याच भागावरचे मागील परीक्षांतील प्रश्न सोडवावेत, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चूक कशामुळे झाली ते चुकांच्या वहीत लिहावे : जागा पाहिली नाही, वय वाचले नाही, की माहितीच नव्हती. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पहिल्या दोन कारणांची संख्या तिसऱ्यापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक भरते, आणि त्यावर उपाय आणखी वाचन हा नसून प्रश्न सावकाश वाचणे हा आहे. तीच आकृती तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा काढावी.

तोंडी परीक्षेची तयारी मित्रासोबत करावी. एकाने क्ष-किरण चित्र खिडकीच्या उजेडात धरावे आणि दुसऱ्याने ठरावीक क्रमाने बोलावे : कोणता भाग, कोणत्या दिशेने घेतलेले चित्र, वाढीची चकती उघडी आहे की बंद, विकृती हाडाच्या कोणत्या भागात, तिची कड कशी, पेरिऑस्टियमची प्रतिक्रिया कशी, बाजूच्या मऊ ऊतींत काय, आणि त्यानंतरच शक्यता, त्याही किमान दोन. मित्राने मध्येच ‘निदान सांग’ असे म्हणून घाई केली, तरी क्रम सोडू नये, कारण परीक्षकही नेमके तेच करतात.